कडू घास कोणी द्यायचा?

शंकर,

मला पाच मिनटं दिलीत. तुझ्या आठवणीची सभा हाय रविवारी, अन् पास्टरनं फोन करून सांगितलं, "मारोतीभाऊ, थोडक्यात बोला, बाहेरून पाहुणे येणार आहेत." पाच मिनटांत तर तुझं चपला घालणं होत नव्हतं. एक पाय घालायचा, दुसऱ्या पायाच्या वक्ताला काहीतरी आठवायचं, अन् परत घरात. म्हणून लिहून काढून राहिलो. चौथी शिकलेला माणूस हाय मी, अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं. पण हातात कागद असला की माणसाला मधी कोणी थांबवत न्हाई, हे मला ठाऊक हाय. तूच म्हणायचास, "पाटील, तू बोलताना समदे आडवतात, वाचताना कोणाची छाती होत न्हाई."

मी पाटील न्हाई. आमच्या खानदानात कोणी पाटील झाला न्हाई. मान ताठ म्हणून तू ते नाव ठेवलंस अन् ओढ्यापलीकडच्या तुझ्या तांड्यातली लेकरंबी मला पाटीलबाबा म्हणायला लागली. तुला चांगलं वाटायचं. मलाबी वाईट वाटत नव्हतं, पण ते तुला कधी सांगितलं न्हाई.

तर आता पहिला राग तुझ्यावरच काढतो.

बुधवारच्या प्रार्थनेत तुझ्या पत्र्याखाली सगळे आपापलं दुखणं सांगायचे. कोणाची म्हैस आटली, कोणाच्या लेकराला ताप, कोणाचा गुडघा. तुला वाचता येत नव्हतं, लिहिता येत नव्हतं, पण एकेकाचं दुखणं बराबर ध्यानात ठेवून तू नाव घेऊन प्रभूपुढं मांडायचास. म्हशीचंबी. अन् तुझी पाळी आली की एकच, "माझं समदं बराबर हाय." बराबर? पोटात गाठ घेऊन बसला होतास, अन् बराबर? भाकर अर्धी ठेवून उठायला लागलास तवा मी इचारलं, "काहून रे, जेवत काहून न्हाईस?" तर म्हणलास, "गोमतीनं मीठ जास्त टाकलं आज." आज. रोजच आज. आपलं दुखणं लपवायला बायकोच्या हाताला नाव ठेवलंस.

एकमेकांचं ओझं उचला, एकमेकांचं ओझं उचला, हे आम्हाला कोणी शिकवलं? तुझ्या आवडीची जागा होती ती शास्त्रातली. मी वाचायचो अन् तू म्हणायचास, "पुन्यांदा वाच, ते ओझ्याचं." पुन्यांदा, पुन्यांदा, करून पान मळलं. अन् आपलं ओझं तेवढं गुपचूप काखेत मारून निघून गेलास. गावात गर्विष्ठ म्हणून माझं नाव हाय. खरा गर्विष्ठ तू. दुसऱ्याला आपला खांदा द्यायचा, पण दुसऱ्याचा खांदा घ्यायचा न्हाई, ह्याच्यापेक्षा मोठी मिजास कोणती?

नांदेडच्या दवाखान्यात मी आलो तवा वॉचमननं दाराशी धरलं. "पेशंटचे कोण तुम्ही?"

"भाऊ."

त्यानं कागदावर बघितलं. "आडनाव तर वेगळं आहे."

"बाप एकच हाय."

"बाप एक, अन् आडनाव वेगळं? बाबा, मजाक करता का?"

मी मजाक करत नव्हतो. वीस माणसांत उभं राहून मी त्याला आपल्या दोघांचा बाप कोण ते सांगत होतो अन् तो माझ्याकडं येडा म्हणून बघत होता. एवढं होऊन मी आत आलो, तर तू नळ्या लावलेल्या, गाल बसलेले, अन् डोळे हसून राहिलेले.

"बाहीर कोणासंगं भांडत व्हतास?"

"वॉचमनसंगं."

"जिंकलास?"

"न्हाई."

"मंग आत कसा आलास?"

"त्याची जेवायची सुट्टी झाली."

तू हसलास अन् हसताना पोट धरलंस. मंग मी इचारलं, जे इचारायला आलो होतो ते. "मला काहून सांगितलं न्हाईस?"

"सांगून तू काय केलं असतंस?"

"भांडलो असतो."

"म्हणूनच न्हाई सांगितलं."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात नर्सबाई आली अन् मला बाहेर काढलं. आपलं ते भांडण तिथंच ऱ्हायलं. त्याचं उत्तर माझ्या तोंडात होतं, अजून हाय. ते असं: भांडलो असतो, व्हय. पण तुझ्या उशाशी बसून भांडलो असतो. वॉचमनसंगं भांडण्यात माझा अर्धा दिवस वाया गेला, तो तुझ्यासंगं भांडण्यात गेला असता. आता दे ह्याचं उत्तर.

तू गेलास. तुला तुझ्या शेताच्या धुऱ्यावर, बांधाजवळ, माती दिली. आता दुसरा राग ऐक, अन् हा तुझ्यावर न्हाई.

पास्टर तिथं उभे राहिले अन् चांगलं बोलले. पास्टर वाईट माणूस न्हाई. तुला नांदेडला त्यांनीच आपल्या गाडीत नेलं, रक्तबी दिलं, हे मी नाकारत न्हाई. ते म्हणाले, शंकरभाऊ आपल्या मंडळीचा कणा होता, मंडळी म्हणजे देवाचं कुटुंब, आपण सगळे एका बापाची लेकरं. सगळे आमेन म्हणाले. मीबी म्हणलो, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. मंग ते म्हणाले, "आता कुटुंबातल्यांनी पुढं येऊन माती द्यावी."

मी पुढं झालो. खाली वाकलो, मूठ भरली. तर व्यवस्था बघणाऱ्या एका भावानं माझा दंड धरला. सभ्य माणूस हाय तो, हळूच धरला. "बाबा, आधी घरच्यांचं होऊ द्या."

"मी कोण हाय?"

"तसं नाही बाबा. घरचे म्हणजे... सख्खे."

शंकर, आमेन म्हणून माझं तोंड मिटलंबी नव्हतं! तेवढ्यात कुटुंबाचा अर्थ बदलला. अन् पहिली माती कोणी टाकली? तुझ्या थोरल्या भावानं. ज्यानं तू प्रभूचं नाव घेतल्यापासून तुझ्या घरचं पाणी पिलं न्हाई, तुझ्या लेकीच्या लग्नाला मांडवात आला न्हाई, रस्त्यात दिसलास तर मोटारसायकल वळवून घ्यायचा. तो काळा चष्मा लावून पुढं आला, माती टाकली, रुमाल डोळ्याला लावला, अन् त्याच्या पोरानं त्याचा फोटो काढला. मी मूठ वळून तसाच उभा ऱ्हायलो, सगळे हटेपर्यंत. हातातली माती घामानं चिकटली, टाकताना पडेना. झटकावी लागली. तुझ्या अंगावर मी माती झटकून टाकली, जशी अंगावरची घाण झटकतात तशी. हे मला त्या व्यवस्थेवाल्यानं करायला लावलं.

घरी आलो अन् बसलो. चूल पेटवली न्हाई. लेकीनं घेऊन दिलेला गॅस हाय, तोबी पेटवला न्हाई. आपल्यात ज्याच्या घरचं माणूस जातं तो आपली चूल पेटवत न्हाई. सोयरे भाकरी घेऊन येतात, सोबत डाळ न्हाईतर पिठलं, अन् मोठं कोणीतरी पहिला घास हातावर ठेवतं. कडू घास. तो खाल्ला की माणसानं मानायचं, गेला तो गेला, आपल्याला जगायचं हाय. कोणी न दिलेला घास आपल्या हातानं कसा खायचा? मी वाट बघत बसलो. तू माझा भाऊ असशील तर मला कोणीतरी घास आणंल. कोणी आणला न्हाई तर मंग वॉचमनच खरा.

कोणी आणला न्हाई. मंडळीचा मोबाईलवर ग्रुप हाय, त्याचं नावच "आपलं कुटुंब". शेजारच्या सुनंनं मला उघडून दाखवला. तुझा फोटो, अन् त्याच्याखाली हात जोडलेलं चित्र, हात जोडलेलं चित्र, नुसते हात खालपर्यंत. मी तिला म्हणलो, "एवढे हात हायेत, एकाही हातात भाकर दिसत न्हाई गं." ती म्हणाली, "मामा, मी देते ना भाकर." मी न्हाई घेतली. तिची भाकर चांगली असते, पण ती भुकेची भाकर होती. मला सुतकाची पाहिजे होती. कळमनुरीहून लेकीचा फोन आला, "बाबा, जेवलात का?" मी म्हणलो, "व्हय, बराबर जेवलो." म्हणजे खोटं बोलायचं मीबी तुझ्याकडूनच शिकलो. मुरमुरे खाल्ले, पाणी पिलो, अन् अजून ताठ होऊन बसलो.

अन् बसल्या बसल्या पारूची मयत आठवली. माझी पारू. तू हळद शिजवायची कढई घेऊन पहिल्यांदा आमच्या शेतात आलास, तवा सगळ्यात आधी ती तुझ्या बोलण्याला लागली. मी तुझ्यासंगं भांडत होतो, हळद कच्ची ऱ्हायली म्हणून, अन् तू एकेका गड्ड्यात काडी टोचून मला दाखवत होतास, अन् जाळ सारता सारता गाणं म्हणत होतास. पारूनं इचारलं, "दादा, कोणत्या देवाचं हाय हे?" झालं. पुढच्या बुधवारी ती ओढा उतरून तांड्यात. तिला ओढून आणायला म्हणून मी गेलो, अन् तुझ्या पत्र्याखाली बसलो तो बसलोच.

ती गेली तवा माझ्या भावकीनं निरोप धाडला, "तांड्यात जाऊन बाटलेत, आता तांडाच बघंल." मी एकटा, घरात माणूस न्हाई, चूल थंडी. तर ओढ्याकडून तू अन् वयनी. वयनीच्या डोक्यावर टोपलं, ज्वारीच्या भाकरी, पिठलं. आठवतं का काय बोललो होतो? मी म्हणलो, "शंकर, हे सोयऱ्याचं काम हाय. तू माझा सोयरा न्हाईस."

तू खाली बसलास. "बरं. सोयरा न्हाई. मंग कोण?"

"भाऊ म्हणतोस ना बुधवारी."

"भाऊ असंल तर मंग पारू माझी वयनी. मंग मलाबी सुतक हाय. मंग मला कोण घास देणार?"

"मला काय ठाऊक!"

"मलाबी ठाऊक न्हाई. आता?"

दोघं सुतकी समोरासमोर बसून एकमेकांकडं बघत ऱ्हायलो. वयनी ओरडली, "अहो, कायदा मंग बघा, भाकर वाळून राहिली!" अन् तुझा घास माझ्या हातात, माझा तुझ्या हातात. मयतीच्या घरात मला हसू आलं. त्या दिवशी तू मला हसवलं नसतंस तर मी पारूच्या मागं गेलो असतो. हे तुला कधी सांगितलं न्हाई. आता सांगतो, घे.

तर मी असा थंड्या चुलीपुढं रागानं फुगून बसलेलो, अन् दारात सावली पडली. गोमती वयनी. पांढरं कपाळ, पदर खोचलेला, पदरात पिठाचं गाठोडं. ओढा उतरून एकटी आली होती.

"भावजी, धूर निघंना तुमच्या घरातून. काहून?"

"कोणी घास आणला न्हाई."

"मंग? माझ्याकडं कोणी आणला?"

मी उठून उभा ऱ्हायलो. "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? माझीबी चूल थंडी हाय, ते गेल्यापासून."

ऐक शंकर, हे नीट ऐक, कारण ह्याच्यासाठीच मी कागद घेतला. तुझ्या थोरल्यानं फोटो काढून झाल्यावर सांगितलं, "तुमच्यात मंडळी बघती ना सगळं? मंग घासाचं मंडळी बघंल." अन् गेला. मंडळी म्हणली, भाऊबंद आलेत, तांड्यातला समाज हाय, ते बघतील. अन् हात जोडलेलं चित्र टाकून मंडळी मोकळी झाली. तुझी लेक बाळंतपणात पडलेली, ती येऊ शकली न्हाई. दोन्हीकडून टाकलेल्या चेंडूसारखी वयनी मधोमध बसली, शेजारणीच्या चहावर. तू ज्या पत्र्याखाली साऱ्या दुनियेच्या म्हशींसाठी प्रार्थना केलीस, त्या पत्र्याखाली.

मी तिच्यासमोरच पास्टरला फोन लावला. "पास्टर, शंकरच्या घरी कडू घास कोणी नेला?"

ते म्हणाले, "भाऊ, त्या जुन्या रूढी झाल्या. विश्वासणाऱ्याला सुतक नसतं. आपला भाऊ प्रभूजवळ आहे. आपण आनंद करायचा."

मी म्हणलो, "आनंद करतो. पण भाकर कोण करतो?"

मंग म्हणाले, "मला वाटलं घरच्यांनी..." मी फोन ठेवला. घरचे! परत घरचे! रविवारी सगळेच घरचे, अन् सोमवारी घरचे म्हणजे दुसरे कोणीतरी!

वयनी चुलीपुढं बसली. मी म्हणलो, "तू सुतकात हायस, तुला चूल पेटवता येत न्हाई."

"माझी पेटवता येत न्हाई. ही तुमची हाय."

"मीबी सुतकात हाय."

"म्हणून तर तुमी पेटवू नका. मी पेटवते. तुमचा भाऊ कायदा कसा मोडायचा ते बघितलंय मी जन्मभर. सरका."

तिनं जाळ केला. परातीत पीठ मळलं, भाकरी थापल्या, माझ्या डब्यातलं बेसन घेऊन पिठलं केलं. एक भाकर करपली. मंग तिनं माझ्या हातावर घास ठेवला, मी तिच्या. ती खाली बघून खात होती अन् पाणी गालावरून भाकरीवर पडत होतं. मी तोंडात घातला.

शंकर, मीठ बराबर होतं. एक खडा जास्त न्हाई, एक खडा कमी न्हाई. मी घरभर ऐकू जाईल असं म्हणलो, "वयनी, हा माणूस खोटा होता." तिनं इचारलं, "काहून?" मी मिठाचं सांगितलं. तिनं घास तसाच धरला हातात. मंग म्हणली, "मलाबी मिठाचंच सांगायचे, म्हणून रोज अळणी करत गेले मी. शेवटी शेवटी तर टाकतच नव्हते." अन् मंग ती रडली, खरं रडायची ती तवा रडली. बघ काय करून गेलास. तुझ्यासाठी ती बाई अळणी जेवली.

जेवण झाल्यावर मी म्हणलो, "चल, आता तुझी चूल मी पेटवतो."

"न्हाई."

"काहून न्हाई?"

"तुमी आलात तर तुमी आलात, तुमचं काय नवं? तुमी तर भाऊच. मला ते हात जोडलेले लोकं पाहिजेत. ते येऊन पेटवतील तवाच पेटंल. न्हाईतर मी बुधवारी पत्र्याखाली कोणाला बसू देणार न्हाई. भावजी, ते म्हणायचे ही माझी माणसं. मला बघायचंय, व्हती का."

मी जिद्दी म्हणून गावात नाव हाय, पण ह्या बाईपुढं मी लेकरू. तवापासून ती दोन्ही वक्ताला ओढा उतरून येते, माझ्या चुलीवर करते, दोघं खातो, अन् परत जाते. तुझी चूल तशीच हाय. तू शेवटच्या बुधवारी सगळ्यांसाठी चहा केलास, त्याची राख अजून तिच्यात हाय. तिनं काढली न्हाई.

आता शंकर, तुझ्याशी बोलणं थांबवतो. राग गेला म्हणून न्हाई. तुझ्यावरचा राग मी संगं घेऊन येईन अन् तिथं भांडण पुरं करू, वॉचमन नसंल तिथं. थांबतो ते ह्याच्यासाठी की माझ्यासमोर ही सगळी माणसं बसलीत, अन् पाच मिनटं कवाच झाली, अन् मला कोणी आडवलं न्हाई.

भावांनो, बहिणींनो. हे नाव तुमीच मला दिलं, म्हणून त्याच नावानं हाक मारून राहिलो. आता शेवटचं गाणं म्हणू नका. सभेनंतर ठरवलेल्या मंडपवाल्याच्या पंगतीला बसू नका, ती पाहुण्यांना जेवू द्या. तुमी उठा. ज्यानं ज्यानं हात जोडलेलं चित्र धाडलं, त्यानं त्यानं आपल्या घरून मूठभर ज्वारीचं पीठ घ्यायचं, अन् ओढा उतरायचा. व्यवस्थेवाल्या भाऊ, तू माझा दंड धरला होतास, आज परत धर, ओढ्यात दगड निसरडे हायेत. थोरला मागं बसलाय चष्मा लावून, त्यालाबी घ्या, त्यानं पाणी आणायचं.

पास्टर, तुमी लाकडं घ्या. वाळकी बघून घ्या. वयनी पलीकडं तिच्या दारात उभी हाय.